सात दारं, एक खिडकी

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावात महादजी शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात तह ठरला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. त्यानंतर पाचच दिवसांनी, सातासमुद्रापलीकडे हडसन नदीच्या काठावर न्यूबर्गला, एका दगडी शेतघराच्या पत्त्यावर एक पत्र निघालं. लिहिणारा कर्नल लुईस निकोला. जन्म डब्लिनचा, वयाने वडीलधारा, अपंग सैनिकांच्या पलटणीचा प्रमुख. पत्र होतं जनरल जॉर्ज वॉशिंग्टनला. मजकूर लांबलचक, पण मतितार्थ एवढाच: प्रजासत्ताकाच्या कारभारात सैन्याची काय आबाळ झाली ते आपण पाहतोच आहोत, तेव्हा सत्ता एका खंबीर माणसाच्या हाती असावी, आणि पुढेमागे त्याला राजा म्हणायलाही हरकत नसावी. रोख कुणाकडे होता हे सांगायला नको.

वॉशिंग्टनने त्याच दिवशी उत्तर धाडलं. युद्धाच्या सगळ्या काळात आपल्याला इतकं दुःख कशाने झालं नाही, माझ्या वागण्यात असं काय दिसलं म्हणून हे सुचवायचं धाडस झालं, हा विचार मनातून कायमचा काढून टाका, अशा आशयाचं ते उत्तर आहे. आपल्याजवळ ठेवलेल्या नकलेवर त्याने दोन सहायकांच्या साक्षीच्या सह्याही घेतल्या. पुढे कधी कुणी विचारलं तर कागद बोलला पाहिजे, ही काळजी त्यात दिसते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट सहसा लेक्सिंग्टनच्या पहिल्या गोळीने सुरू होते आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या शरणागतीने संपते. नंतरचं दीड वर्ष बहुतेक पुस्तकं दोन-चार पानांत उरकतात. पण नव्या देशाचं खरं काय होणार, हे त्याच दीड वर्षात ठरलं. आणि त्यातलं बरंचसं न्यूबर्गच्या या घरात ठरलं. इथे लढाई झाली नाही. इथे सैन्य पगाराची वाट बघत होतं.

घर न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, नदीकडे पाहणाऱ्या चढावर आहे. जोनाथन हॅस्ब्रुक या शेतकऱ्याने ते १७५० च्या सुमारास बांधायला घेतलं. त्याचे पूर्वज फ्रान्समधून धर्मछळामुळे बाहेर पडलेले प्रोटेस्टंट, ज्यांना ह्यूगनॉट म्हणतात, आणि आसपासची वस्ती डच. त्यामुळे बांधणीवर डच वळण आहे: रानातल्या दगडाच्या जाडजूड भिंती, वर उतरतं भलंमोठं छप्पर. हॅस्ब्रुकची पिठाची गिरणी होती, दुकान होतं, आणि तो स्थानिक मिलिशियाचा कर्नलही होता. बरकत आली तशी त्याने घराला एकेक बाजू जोडली. शेवटची मोठी वाढ १७७० ची.

या वाढीव बांधकामाने एक मजेची खोली तयार झाली. मूळ घराची मधली मोठी खोली चहूबाजूंनी नव्या खोल्यांनी वेढली गेली आणि प्रत्येक नव्या खोलीत जायला तिला एक दार पडलं. आज त्या खोलीला सात दारं आहेत आणि खिडकी एकच. चूलही डच पद्धतीची. तिला बाजूच्या भिंती नाहीत. आग थेट मागच्या भिंतीला टेकून पेटते आणि धूर वर छताशी बसवलेल्या धुराड्यात जातो. आगीभोवती तिन्ही बाजूंनी माणसं बसू शकतात. ऊब मात्र फारशी टिकत नाही.

वॉशिंग्टन १ एप्रिल १७८२ च्या सुमारास इथे आला आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत राहिला. आठ वर्षांच्या युद्धात त्याने कितीतरी घरं मुख्यालयं म्हणून वापरली. साडेसोळा महिन्यांचा इतका दीर्घ मुक्काम दुसरीकडे कुठेच झाला नाही. जागेची निवड समजण्यासारखी होती. ब्रिटिश अजून न्यूयॉर्क शहरात ठाण मांडून होते. हडसन त्यांच्या हाती गेली असती तर न्यू इंग्लंड बाकीच्या वसाहतींपासून तुटलं असतं. दक्षिणेला काही मैलांवर वेस्ट पॉइंटचा किल्ला, आणि तिथे ब्रिटिश जहाजं अडवण्यासाठी १७७८ पासून नदीत आडवी टाकलेली अवजड लोखंडी साखळी. पलीकडच्या तीरावर फिशकिलची कोठारं.

जोनाथन हॅस्ब्रुक १७८० मध्येच वारला होता. घर त्याची विधवा कॅथरिन सांभाळत होती. सेनापतीसाठी घर हवं म्हटल्यावर तिला ते सोडून नातेवाइकांकडे न्यू पॅल्ट्झला जावं लागलं. मुख्यालयांच्या इतिहासात अशा बायकांना एखादं वाक्य मिळतं. लष्कराला घर देणं हा मान असतो खरा, पण चूल, कोठार आणि अंथरूण सोडून जाणाऱ्या बाईला मानाने काय मिळतं, हा प्रश्न प्रत्येक युद्धात कुणीतरी विचारायला हवा.

सात दारांच्या खोलीत जेवणं होत, भेटीगाठी होत. बाजूच्या खोल्यांत सचिव आणि एडीसी दाटीवाटीने राहत, पत्रांच्या नकला करत. वॉशिंग्टनची पत्नी मार्था मुक्कामातला बराच काळ इथे होती. आणि सावलीसारखा बरोबर असे विल्यम ली, वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय गुलाम. युद्धाची सगळी वर्षं त्याने धन्याच्या मागे घोड्यावर काढली. स्वातंत्र्याच्या घोषणा ज्या टेबलावर लिहिल्या जात होत्या त्याच्या आसपास वावरणाऱ्या या माणसाला स्वतःचं स्वातंत्र्य मिळालं ते १७९९ मध्ये, धनी वारल्यावर, मृत्युपत्रातून. त्याबरोबर वर्षाला तीस डॉलरांची नेमणूक. हडसनच्या खोऱ्यातली डच आणि ह्यूगनॉट शेतघरंही गुलामांच्या कष्टावर चालत होती. दगडी भिंतींचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

मुक्कामाच्या पहिल्याच महिन्यात एक नको ते प्रकरण उभं राहिलं. न्यू जर्सीचा कॅप्टन जोशुआ हडी याला ब्रिटिशनिष्ठांनी १२ एप्रिल १७८२ रोजी फासावर लटकवलं. सूड म्हणून ब्रिटिश कैद्यांपैकी एका कॅप्टनला फाशी द्यायचं वॉशिंग्टनने ठरवलं. तेरा कॅप्टनांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं चार्ल्स ॲसगिलचं. वय जेमतेम वीस, आणि तो यॉर्कटाउनच्या शरणागतीतला कैदी, म्हणजे तहाच्या कलमाने संरक्षण मिळालेला. फाशी दिली तर शब्द मोडतो, न दिली तर स्वतःचेच सैनिक खवळतात. वॉशिंग्टनने निर्णय लांबवत नेला. ॲसगिलच्या आईने फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांना पत्र लिहिलं, ते फ्रान्सच्या राजा-राणीपर्यंत पोचलं, आणि नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेने, त्या तरुणाला सोडून द्यायचा ठराव केला. वॉशिंग्टन सुटकेने हलका झाला असेल. पण ही चिठ्ठी टाकायला सांगणारा हुकूम त्याचाच होता, हेही नोंदवायला हवं.

त्याच उन्हाळ्यात या घरातून निघालेला दुसरा एक हुकूम मात्र आजवर टिकला आहे. पराक्रमी सैनिकाला बढती द्यावी तर तिजोरीत वाढीव पगाराला पैसे नाहीत, अशी अवस्था होती. ७ ऑगस्ट १७८२ च्या आदेशाने वॉशिंग्टनने एक बिल्ला सुरू केला: डाव्या छातीवर, कापडाचं किंवा रेशमाचं, जांभळ्या रंगाचं हृदय, कडेला लेस. युरोपातल्या सैन्यांत मानचिन्हं सरदार-अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत. हा बिल्ला साध्या शिपायासाठी आणि हवालदारासाठी होता, आणि तो लावणाऱ्याला पहाऱ्यावरचे सैनिक अधिकाऱ्याप्रमाणे वाट देणार होते. नावानिशी माहीत असलेले मानकरी तीनच: एलायजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल. तिघेही कनेक्टिकटचे सार्जंट. पुढे दीडशे वर्षं हा बिल्ला विस्मरणात गेला. वॉशिंग्टनच्या दोनशेव्या जयंतीला, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी तो पुन्हा सुरू केला. तोच आजचा ‘पर्पल हार्ट’.

बिल्ल्याने पोट भरत नाही. १७८२ च्या अखेरीस सुमारे सात हजार सैनिक न्यूबर्गजवळच्या न्यू विंडसरच्या माळावर हिवाळी छावणीला उतरले. झाडं तोडून त्यांनी जवळजवळ सहाशे ओंडक्यांच्या झोपड्या बांधल्या. बरोबर बायका होत्या, मुलं होती. लढाई नाही, घरी जायची परवानगी नाही, आणि पगार कित्येक महिन्यांचा थकलेला. अधिकाऱ्यांना १७८० मध्ये काँग्रेसने जन्मभर अर्ध्या पगाराचं निवृत्तिवेतन कबूल केलं होतं. ते बुडणार अशी कुजबुज होती.

काँग्रेस कबूल करायची, देऊ शकायची नाही. तेव्हाच्या घटनेप्रमाणे तिला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरावे लागत. आयात मालावर पाच टक्के जकात बसवून ही अडचण सोडवायचा प्रस्ताव होता. त्याला सगळ्या तेराही राज्यांची संमती हवी होती, आणि चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला. मग व्हर्जिनियानेही दिलेली संमती काढून घेतली. जनरल मॅकडूगल आणि दोन कर्नल अधिकाऱ्यांचा अर्ज घेऊन फिलाडेल्फियाला गेले आणि नुसतं आश्वासन घेऊन बसले. पेशवाईतली पत्रं वाचलेल्या मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. शिलेदारांचा रोजमुरा थकला की मोहिमेचं काय होतं, आणि पैशासाठी छावणी सरदाराच्या दाराशी कशी धरणं धरते, हे आपल्या दप्तरांतही पानोपानी आहे.

१० मार्च १७८३ रोजी छावणीत एक निनावी पत्रक फिरलं. भाषा धारदार होती. देश तुमचे हक्क तुडवतो आहे. तह झाला तर शस्त्रं खाली ठेवू नका, युद्ध चाललं तर देशाला वाऱ्यावर सोडून रानात निघून जा. सबुरीचा सल्ला देणाऱ्याचा संशय धरा. लिहिणारा होता मेजर जॉन आर्मस्ट्राँग, जनरल होरेशियो गेट्सचा एडीसी. हे त्याने पुढे कित्येक वर्षांनी स्वतः कबूल केलं. पत्रकाच्या दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांची सभाही बोलावली होती. तो खरोखरच बंडाचा कट होता की काँग्रेसला धाक दाखवायचा डाव, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. पण पगार थकलेलं, हत्यारबंद, संतापलेलं सैन्य कधी कुणाचं ऐकेनासं होईल हे डाव टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वॉशिंग्टनने ती सभा बेकायदा ठरवली आणि स्वतःच १५ मार्चची तारीख दिली. अध्यक्षस्थानी गेट्स असतील असंही सुचवलं, त्यामुळे आपण स्वतः येणार नाही असा समज होऊ दिला. सभा छावणीतल्या ‘टेंपल’ नावाच्या लाकडी सभागृहात होती. प्रार्थना आणि समारंभांसाठी सैनिकांनीच ते त्या हिवाळ्यात बांधलं होतं. सभा सुरू होते न होते तोच वॉशिंग्टन आत आला. त्याने हाताने लिहून आणलेलं भाषण वाचलं. भाषण चांगलं होतं, युक्तिवाद चोख होता. समोरचे चेहरे काही पुरते सैल झाले नाहीत.

मग त्याने खिशातून व्हर्जिनियाचे काँग्रेस सदस्य जोसेफ जोन्स यांचं पत्र काढलं. काँग्रेसच्या मनात सैन्याविषयी काय आहे हे त्यातून दाखवायचं होतं. दाट हस्ताक्षर वाचता येईना. तो अडखळला, थांबला. खिशात हात घालून त्याने चष्मा काढला. तो नुकताच, त्याच फेब्रुवारीत, फिलाडेल्फियाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांच्याकडून आला होता, आणि फार थोड्यांनी सेनापतीला चष्मा लावलेला पाहिलं होतं. एक्कावन्न वर्षांच्या त्या माणसाने माफी मागितल्यासारखं म्हटलं की तुमच्या सेवेत केस पिकले, आता नजरही चालली. शब्द नेमके कोणते, याच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत. परिणामाबद्दल मतभेद नाही. आठ वर्षं लढलेल्या अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. वॉशिंग्टन पत्र वाचून निघून गेला. हेन्री नॉक्सने आभाराचा ठराव मांडला, निनावी पत्रकाचा निषेध झाला. मेजर सॅम्युएल शॉने हे सगळं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. हाच शॉ पुढच्या वर्षी ‘एम्प्रेस ऑफ चायना’ या जहाजातून चहा आणायला चीनला गेला. दहा वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बॉस्टनच्या बंदरात बुडवून ज्या देशाच्या भांडणाला तोंड फुटलं होतं, त्या देशाचं हे चीनच्या व्यापारातलं पहिलं जहाज.

तो प्रसंग नाटकी होता का? थोडा असेलही, वॉशिंग्टनला रंगमंचाची आवड होती. पण त्या दिवशी त्याने सैनिकांना खोटं काहीच सांगितलं नाही. त्यांची मागणी न्याय्य आहे हे तो मानत होता आणि काँग्रेसला तसं वारंवार लिहीत होता. त्याला अमान्य होता तो मार्ग. सैन्याने सरकारच्या मानेवर बसून पैसे वसूल केले तर ज्या गोष्टीसाठी लढलो तीच उरणार नाही, एवढी साधी आणि अवघड गोष्ट त्याला कळत होती. बरोबर आठवड्याने, २२ मार्चला, काँग्रेसने जन्मभराच्या अर्ध्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार द्यायचं मान्य केलं. तेही पुन्हा कागदावरच.

१९ एप्रिल १७८३ रोजी छावणीत युद्धबंदी जाहीर झाली. लेक्सिंग्टनच्या लढाईला त्या दिवशी बरोबर आठ वर्षं पूर्ण होत होती. जहाजाने जाणारी बातमी मात्र सगळीकडे सारख्या वेगाने पोचत नव्हती. त्याच युद्धाचा भाग म्हणून तामिळ किनाऱ्यावर कडलोरला इंग्रज आणि फ्रेंच जूनमध्येही एकमेकांना मारत होते.

सैनिकांची पाठवणी जूनमध्ये झाली. संचलन नाही, हिशोबाची पूर्तता नाही. बंदूक ठेवून घ्यायची परवानगी आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या हुंड्या, त्याही अनेकांना वेळेत मिळाल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या त्यांनी सटोडियांना मिळेल त्या भावाने विकल्या. जोसेफ प्लम्ब मार्टिन हा कनेक्टिकटचा सैनिक पंधराव्या वर्षी भरती झाला होता. घरी जाताना अंगावर धड कपडे असावेत म्हणून त्याने आपली प्रमाणपत्रं विकली, असं त्याने आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे. त्याला निवृत्तिवेतन मिळालं ते १८१८ च्या कायद्याने, तेही गरिबी सिद्ध केल्यावर. वर्षाला शहाण्णव डॉलर.

त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनने आपलाही जमाखर्च मिटवला. आठ वर्षं त्याने पगार घेतला नव्हता, फक्त खर्च मांडला होता. जुलै १७८३ मध्ये ती खातेवही त्याने स्वतःच्या हाताने लिहून पुरी केली. मार्थाचा छावण्यांपर्यंतचा प्रवासखर्च लावावा की नाही याचा खुलासाही तिच्यात आहे. त्याआधी ८ जूनच्या तारखेने त्याने सगळ्या राज्यांच्या राज्यपालांना एक लांब परिपत्रक लिहिलं. एकजूट अभंग ठेवा, आणि सार्वजनिक कर्ज फेडा, त्यात सैनिकांचं देणं पहिलं, असं त्यात ठासून सांगितलं. त्यानंतर तो ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या बोलावण्यावरून न्यू जर्सीला गेला. ज्या काँग्रेसला त्याने न्यूबर्गच्या रोषापासून वाचवलं होतं, ती जूनमध्ये फिलाडेल्फियात पगारासाठी उठलेल्या दुसऱ्याच सैनिकांमुळे शहर सोडून न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला पळाली होती. त्याने सेनापतिपद सोडलं ते २३ डिसेंबरला, अनापोलिसमध्ये.

या सगळ्यातल्या दोघांना भारताच्या आणि स्वतःच्या देशाच्या इतिहासात पुन्हा जागा मिळाली. हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्याला आला. टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीला होत्या, आणि १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. आणि निनावी पत्रक लिहिणारा आर्मस्ट्राँग १८१३ मध्ये अमेरिकेचा युद्धमंत्री झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी राजधानी जाळली आणि त्याला पद सोडावं लागलं.

घर हॅस्ब्रुक कुटुंबाकडे परत गेलं. एकोणिसाव्या शतकात ते जोनाथनच्याच नावाच्या नातवाकडे होतं. त्याने सरकारी निधीतून जमीन-घर तारण ठेवून कर्ज काढलं आणि ते फिटलं नाही. थकबाकीत मालमत्ता राज्याकडे आली. एरवी ती लिलावात जाती, आणि भरभराटीला आलेल्या नदीकाठच्या गावात जुन्या दगडी घराला विटांच्या इमारतींसाठी जागा करून द्यावी लागती. राज्यपाल हॅमिल्टन फिश यांनी विधिमंडळाला खास संदेश पाठवून घर राखण्याची विनंती केली. एप्रिल १८५० मध्ये कायदा झाला, आणि ४ जुलैला जनरल विनफिल्ड स्कॉट यांनी अंगणात झेंडा चढवला. इतिहासासाठी सरकारने घेतलेली आणि जनतेसाठी उघडलेली अमेरिकेतली ही पहिली वास्तू. वॉशिंग्टनचं स्वतःचं घर, माउंट व्हर्नन, तेव्हा पडझडीला आलं होतं. ते महिलांच्या संस्थेने वर्गणी गोळा करून १८५८ मध्ये विकत घ्यायला घेतलं.

म्हणजे ऐतिहासिक वास्तू जपण्याची अमेरिकेतली सरकारी परंपरा एका बुडीत कर्जातून सुरू झाली. दरवर्षी नव्या ठरावांची वाट बघत ढासळणारे आपल्याकडचे वाडे आणि गढ्या आठवल्या की फिश यांच्या संदेशाचं मोल कळतं: एका माणसाने योग्य वेळी टेबलावर कागद ठेवला होता.

१८५६ मध्ये उझल नॅप हा वृद्ध सैनिक वारला, तेव्हा तो वॉशिंग्टनच्या रक्षकदलातला शेवटचा हयात सैनिक समजला जात होता; त्याला याच आवारात पुरलं. शांततेच्या शताब्दीनिमित्त १८८० च्या दशकात दगडी ‘टॉवर ऑफ व्हिक्टरी’ उभा राहिला. त्याचा वास्तुविशारद जॉन डंकन याने पुढे न्यूयॉर्कमधली जनरल ग्रँटची समाधी बांधली. १९१० पासून शेजारी संग्रहालय आहे. हडसन अडवणाऱ्या तराफ्यांच्या अडसराचे लाकडी-लोखंडी तुकडे तिथे बघायला मिळतात. गावाचं मात्र बरं झालं नाही. १९६० नंतरच्या ‘नवनिर्माणा’त नदीकाठचा जुना भाग मोठ्या प्रमाणावर पाडला गेला आणि न्यूबर्ग अनेक वर्षं गरिबीशी झगडत राहिलं.

छावणीच्या जागेजवळ, न्यू विंडसरमध्ये, २००६ पासून पर्पल हार्ट मिळालेल्यांचं स्मारक-दालन आहे. मानकऱ्यांची संपूर्ण यादी सरकारकडेही नाही. त्यामुळे इथलं नोंदपुस्तक सैनिक आणि त्यांचे नातेवाईक भरतात: आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं पदक, सेवामुक्तीचा कागद, एखादी तार. अर्ज येतो, कर्मचारी कागद तपासतात, आणि नाव चढतं.